श्रेयनामावलीत नसलेला आवाज

केज तालुक्यातल्या आमच्या गावी घरात रेडिओ आला तेव्हा मी पाच-सहा वर्षांचा असेन. पोस्टात जाऊन त्याचा परवाना काढावा लागे, आणि वडील ते पुस्तक सातबाऱ्याच्या उताऱ्यासोबत पत्र्याच्या पेटीत ठेवत. पहाटे कार्यक्रम सुरू होण्याआधी एक धून वाजायची. खाली तंबोरा आणि वर व्हायोलिनची ती चढत जाणारी ओळ. आई त्या धुनेवर चूल पेटवायची. ‘वंदे मातरम्’ सुरू होईपर्यंत धारेला बसलेली माणसे उठलेली नसत. ही धून कुणी बांधली, असा प्रश्न त्या घरात कुणालाही पडला नाही. पुढे बी.ए. झालो, नोकरीला लागलो, संगीतावर मिळेल ते वाचू लागलो, तरी मलाही पडला नाही. चाळिशी ओलांडल्यावर एका इंग्रजी पुस्तकाच्या तळटीपेत वॉल्टर कॉफमन हे नाव भेटले आणि मी अक्षरशः चपापलो. ज्या सुरावर माझी आणि माझ्या पिढीची सकाळ झाली तो सूर बांधणाऱ्याचे नाव कळायला मला चाळीस वर्षे लागली होती.

कॉफमन यांचा जन्म १९०७ सालचा, बोहेमियातल्या कार्ल्सबाडचा. ज्यू असल्यामुळे युरोपात पुढे काय वाढून ठेवले आहे ते त्यांना दिसत होते. १९३४ मध्ये ते मुंबईला आले. आल्यावर पहिल्यांदा इथले संगीत ऐकले तेव्हा त्यातले त्यांना काही कळेना. म्हणून ते पुनःपुन्हा ऐकत राहिले. इतकी माणसे ज्यात रमतात त्यात काहीच नसेल हे शक्य नाही, तेव्हा उणीव आपल्या कानात असणार, हा त्यांचा हिशेब. मेहली मेहतांसोबत त्यांनी मुंबईत चेंबर म्युझिक सोसायटी काढली. १९३७ ते १९४६ या काळात ते मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहत होते. पुढे अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शिकवताना त्यांनी उत्तर हिंदुस्थानी रागांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. आकाशवाणीची ती धून त्यांची, असे बहुतेक अभ्यासक मानतात. शिवरंजनीची छाया असलेल्या त्या चार ओळी कोट्यवधी माणसांनी रोज ऐकल्या. निवेदकाने मात्र ‘संगीत : वॉल्टर कॉफमन’ असे कधी म्हटले नाही.

यात कुणा एकाचा दोष आहे असे मला म्हणायचे नाही. प्रसारणाच्या माध्यमाचा हा स्वभावच दिसतो. गाणाऱ्याचे नाव सांगायचे, लिहिणाऱ्याचे सांगायचे, आणि आवाज करणारा संस्थेच्या पोटात जाऊ द्यायचा. याचा सर्वांत स्पष्ट आणि सर्वांत चांगला नोंदवलेला दाखला लंडनचा आहे. तो थोडा सविस्तर पाहू, कारण त्याच्या उजेडात आपल्याकडचे काही वेगळे दिसू लागते.

दुसऱ्या महायुद्धात डॅफ्नी ओरम बीबीसीत लागली. रॉयल अल्बर्ट हॉलमधला वाद्यवृंद हवेत सोडला जात असताना तिने तबकडी लावून तयार बसायचे. बॉम्ब पडून मैफल थांबली तर श्रोत्यांना खंड जाणवू नये एवढेच तिचे काम. चालू संगीत आणि मुद्रित संगीत यांच्या सांध्यावर बसण्याची सवय तिला तिथे लागली असावी. पुढे टेपरेकॉर्डर आले. रात्री स्टुडिओ ओस पडले की ती निरनिराळ्या खोल्यांतली यंत्रे ढकलत एका जागी आणायची, पहाटेपर्यंत प्रयोग करायची आणि सकाळच्या आत ती जागच्या जागी नेऊन ठेवायची. १९५७ मध्ये बेकेटचे ‘ऑल दॅट फॉल’ हे नभोनाट्य झाले. नेहमीच्या ध्वनिसंकेतांनी त्याचे भागेना. माणसाच्या मनात चाललेले ऐकवायचे तर दाराची करकर आणि पावलांचा आवाज पुरत नाही, हे नाटक विभागाच्या लक्षात आले. १ एप्रिल १९५८ रोजी मेडा व्हेल इथल्या तेरा नंबरच्या खोलीत ‘रेडिओफोनिक वर्कशॉप’ सुरू झाले. ओरम आणि डेस्मंड ब्रिस्को हे त्याचे आरंभीचे धुरीण. यंत्रे बहुतेक दुसऱ्या विभागांनी टाकून दिलेली. असल्या आवाजात माणूस फार काळ राहिला तर त्याच्या डोक्यावर परिणाम होईल, म्हणून कुणालाही इथे काही महिन्यांहून अधिक ठेवू नये, असाही एक विचार वरिष्ठांनी बोलून दाखवला होता. आपल्याकडे तबलजीच्या पोराला शेजारीपाजारी हेच ऐकवतात.

ओरम वर्षभराच्या आतच बाहेर पडली. तिला संगीत करायचे होते आणि संस्थेला नाटकामागचे आवाज हवे होते. मला या सगळ्या इतिहासातली कळीची गोष्ट हीच वाटते. वर्कशॉपमध्ये जे तयार होई त्याला ‘संगीत’ म्हणायचे नाही, असा दंडक होता. संगीत म्हटले की वादकांची संघटना आली, संगीतकाराचा मोबदला आला, मालकी आली. म्हणून शब्द काढला ‘विशेष ध्वनी’. ध्वनीला कर्ता लागत नाही. एका शब्दाने केवढे काम केले ते पुढच्या प्रकरणात दिसते.

डेलिया डर्बीशर १९३७ साली कॉव्हेंट्रीत जन्मली. बॉम्बहल्ल्यांच्या रात्री ऐकलेले भोंगे हे आपल्या कानावरचे पहिले अमूर्त संगीत, असे ती पुढे सांगे. केंब्रिजमध्ये गणित आणि संगीत शिकली. डेक्का या तबकड्यांच्या कंपनीत गेली तर ध्वनिमुद्रणाच्या खोलीत आम्ही बायका घेत नाही असे उत्तर मिळाले. १९६२ मध्ये ती वर्कशॉपमध्ये आली. पुढच्याच वर्षी ‘डॉक्टर हू’ या दूरचित्रवाणी मालिकेचे शीर्षकसंगीत तिच्या हाती आले. रॉन ग्रेनर या संगीतकाराने एका कागदावर चाल आणि काही अपेक्षा लिहून दिल्या. वाद्य एकही नाही.

तिने हे कसे केले ते समजून घेणे महत्त्वाचे, कारण आज बटण दाबून सगळे होत असल्याने त्या श्रमाची कल्पनाच करता येत नाही. टेप सेकंदाला पंधरा इंच या वेगाने पळते असे धरा. मग अर्ध्या सेकंदाचा स्वर म्हणजे साडेसात इंच फीत. एक तार छेडायची, मुद्रित करायची. फितीचा वेग दुप्पट केला की तोच स्वर एका सप्तकाने वर जातो, निम्मा केला की खाली येतो. अधल्यामधल्या स्वरांसाठी वेगाचे गणित मांडायचे. हवा तेवढा तुकडा दाढीच्या पात्याने कापायचा आणि पुढच्याला चिकटवायचा. शीर्षकातल्या त्या दौडत्या खर्जाचा एकेक ठोका असा कापून जोडलेला आहे. वरची चाल ऑसिलेटरची, म्हणजे प्रयोगशाळेत तपासणीसाठी वापरायच्या उपकरणाची. थर एकमेकांवर चढवायला अनेकपदरी यंत्र नव्हते. तीन टेपरेकॉर्डर एकाच क्षणी सुरू करायचे, जमले तर जमले. सोबतीला डिक मिल्स हा साहाय्यक. एकदा कुठेतरी एक ठोका चुकत होता आणि तो सापडेना. तेव्हा त्यांनी फिती लांब व्हरांड्यात शेजारी शेजारी उलगडल्या आणि जोड कुठे पुढेमागे झाला ते डोळ्यांनी शोधले. आमच्याकडे पागोट्याचे कापड असे अंगणात पसरतात.

ग्रेनरने ते ऐकल्यावर हे मीच लिहिले होते का, असे विचारले. कमाईतला वाटा तिला मिळावा अशी त्याची इच्छा होती, पण संस्थेच्या नियमात ते बसेना. २३ नोव्हेंबर १९६३ पासून पडद्यावर नाव येत राहिले ते ग्रेनरचे आणि वर्कशॉपचे. डर्बीशरचे नाव त्या मालिकेच्या श्रेयनामावलीत आले २०१३ मध्ये, पन्नासाव्या वर्षाच्या विशेष भागात. ती २००१ सालीच गेली होती. पोटमाळ्यावर ठेवलेल्या तिच्या २६७ फिती मागे राहिल्या. त्या आता मँचेस्टरला आहेत.

इथे मला इंग्रजी अभ्यासकांशी थोडा वाद घालायचा आहे. गेल्या वीस वर्षांत डर्बीशरची जवळपास देवी झाली आहे. उपेक्षिता, एकाकी प्रतिभा, अशा थाटात तिच्याबद्दल लिहिले जाते. उपेक्षा खरी, यात शंका नाही. पण ज्या पद्धतीने तिचे नाव पुसले त्याच पद्धतीने आता बाकीची नावे पुसली जात आहेत, हे कुणी बोलत नाही. ब्रायन हॉजसनने त्याच मालिकेतल्या कालयानाचा आवाज केला, आईच्या घराची किल्ली एका जुन्या पियानोच्या खर्जाच्या तारांवर घासून. ही कल्पना शीर्षकसंगीतापेक्षा उणी नाही. एका व्यक्तीला मखरात बसवले की कारखाना दिसेनासा होतो. डर्बीशरची थोरवी मला त्या शीर्षकात फारशी दिसत नाही. ती दिसते सहारातल्या तुआरेग लोकांवरच्या कार्यक्रमासाठी तिने १९६७ मध्ये केलेल्या रचनेत. एका साध्या हिरव्या पत्र्याच्या दिव्याच्या टोपीवर तिने टिचकी मारली आणि आवाज मुद्रित केला. आघाताचा भाग कापून टाकून मागे रेंगाळणारा नाद तेवढा ठेवला, त्यात कोणकोणत्या कंप्रता आहेत ते शोधले, आणि ऑसिलेटरवर तो नाद पुन्हा घडवला. ऐकताना दिवा आठवत नाही. वाळवंटातले अंतर आठवते. आघात काढून आस ठेवणे ही गोष्ट तंबोरा ऐकलेल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

आता आपल्याकडे येऊ. डर्बीशरचा जन्म झाला त्याच साली, १९३७ मध्ये, पुण्यात ‘प्रभात’ने ‘कुंकू’ काढला. नारायण हरी आपटे यांची ‘न पटणारी गोष्ट’ ही कादंबरी, व्ही. शांताराम यांचे दिग्दर्शन, शांता आपटे आणि केशवराव दाते यांच्या भूमिका. फसवून म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेली नीरा त्याला नवरा मानायला नकार देते, ही कथा मराठी वाचकाला सांगायला नको. ‘कुंकू’वर लिहिलेले जे माझ्या वाचनात आले त्यात जरठ-कुमारी विवाह आहे, शांता आपटेंचा करारीपणा आहे, नीरा इंग्रजी कविता गाते त्याचे कौतुक किंवा टवाळी आहे. एक गोष्ट बहुतेक जण एका वाक्यात उरकतात. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येते ते दृश्यातल्या वस्तूंचे आवाज. गाण्यांना साथसुद्धा अशी की ती त्या घरातच वाजत असावी. ग्रामोफोनची तबकडी लावली जाते आणि नीरा तिच्यासोबत गाते.

हे एका वाक्यात उरकण्यासारखे नाही. संगीतकार होते केशवराव भोळे. ज्याला वाद्यवृंद हाताशी होता, ज्याच्या भावगीतांच्या चाली लोकांच्या तोंडी होत्या, त्याने संगीत काढून घ्यायला मान्यता दिली. त्या काळी बोलपट म्हणजे गाणी आणि गाण्यांच्या मधे ऑर्गन-व्हायोलिनचा भराव. तो भराव काढल्यावर काकासाहेबांच्या घरात उरते काय? भिंतीवरचे घड्याळ. त्याची टिकटिक हा तिथला ताल आहे आणि ठोके या समा. म्हाताऱ्याला ते घड्याळ त्याचे सरत आलेले वय सांगते आणि नीराला पुढचे अख्खे आयुष्य किती लांब आहे ते सांगते. एकच ध्वनी दोन माणसांना दोन अर्थांनी ऐकू येतो. तिथे सारंगी घातली असती तर आपल्याला कुणाची कीव करायची ते ठरवून मिळाले असते. घड्याळ कुणाचीच बाजू घेत नाही. माझ्या मते ‘कुंकू’ आजही जुना वाटत नाही याचे अर्धे कारण त्याच्या विषयात नसून या मौनात आहे.

दृश्यातल्या वस्तूंकडून संगीताचे काम करून घेण्याचा हा विचार पुण्यात झाला तेव्हा पॅरिसमध्ये पिएर शेफरने रेल्वेच्या आवाजांची रचना करायला अकरा वर्षे होती आणि बीबीसीच्या वर्कशॉपला एकवीस. पण म्हणून ‘कुंकू’ला इलेक्ट्रॉनिक संगीताचा पूर्वज ठरवायचा मोह आवरला पाहिजे. दिवाळी अंकांत अशा विधानांचे पीक फार येते आणि मीही एकेकाळी त्यात पेरणी केली आहे. फरक मूलभूत आहे. शेफर आणि डर्बीशर यांनी ध्वनीला त्याच्या वस्तूपासून तोडले. दिव्याचा दिवा राहिला नाही. ‘कुंकू’मध्ये घड्याळ हे घड्याळच राहते, आणि त्याचा सगळा भार तिथेच आहे. एका ठिकाणी ध्वनी अनाथ होऊन नवा जन्म घेतो. दुसऱ्या ठिकाणी तो घरातलाच राहतो आणि घराची साक्ष देतो. दुसऱ्या वाटेचे आपण पुढे काय केले, हा खरा प्रश्न.

फारसे काही केले नाही, असे म्हणावे लागते. निदान लिहिण्यात तरी नाही. भोळे यांची गोष्ट वेगळी, कारण त्यांच्या हाती लेखणी होती. ‘एकलव्य’ आणि ‘शुद्ध सारंग’ या नावांनी ते संगीतावर लिहीत, आणि आपल्या चित्रपटसंगीताबद्दलही त्यांनी ‘माझे संगीत : रचना आणि दिग्दर्शन’ हे पुस्तक लिहून ठेवले. ज्यांनी लिहिले नाही त्यांचे काय? ‘कुंकू’चे ध्वनिमुद्रण शंकरराव दामले यांचे. घड्याळाचा ठोका किती जवळून घ्यायचा, संवादाखाली तो किती दाबायचा, हे निर्णय कुणीतरी घेतले असतील. त्या निर्णयांवर मराठीत एखादा परिच्छेद तरी मला मिळावा म्हणून मी वर्षभर शोधत होतो. पुढच्या पिढीतले मंगेश देसाई हे परळच्या राजकमल कलामंदिरात ध्वनीचे संमिश्रण करत. ‘पाकीजा’ त्यांचा, ‘शोले’ त्यांचा. सत्यजित राय आपले चित्रपट घेऊन त्यांच्याकडे येत. गब्बरच्या संवादांच्या ध्वनिफिती आमच्या बीडच्या जत्रेत लाउडस्पीकरवर वाजायच्या. पाठ झालेल्या त्या संवादांत खडकावर घासणाऱ्या बुटांचा आवाजही आम्हाला पाठ होता. पोरे तोंडाने बुटांचा आवाज काढून मग संवाद म्हणायची! लेखकांची नावे सगळ्यांना माहीत होती. मंगेश देसाई हे नाव मी तिशीत ऐकले.

यंत्राचा खरा प्रयोग इथे झाला तो साठच्या दशकाच्या अखेरीला, आणि त्याचे भाग्यही तसेच. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये प्रमोद पती यांनी १९६८ मध्ये ‘एक्सप्लोरर’ हा काही मिनिटांचा लघुपट केला. बासरीवादक विजय राघव राव यांनी त्याच्यासाठी जे ध्वनी रचले ते आज ऐकले तरी दचकायला होते. सरकारी पैशाने असे काही झाले होते यावर विश्वास बसत नाही. महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकी संगीतकाराने मूग सिंथेसायझर बसवून दिला. त्यामागे पखवाज वाजवणाऱ्या गीता साराभाई होत्या, ज्यांनी १९४६ मध्ये न्यूयॉर्कला जॉन केजला भारतीय संगीत शिकवले होते. तिथल्या फिती संस्थेच्या कपाटात पडून राहिल्या. २०१७ मध्ये पॉल पुरगस या ब्रिटनमधल्या कलावंताने त्या शोधल्या, आणि त्यांच्यावरचा कार्यक्रम केला तो बीबीसीने. आपला आवाज आपल्याला लंडनमार्गे ऐकू येतो, ही कॉफमनच्या गोष्टीची उलटी बाजू.

हे सगळे मी जमवू लागलो त्याचे कारण खरे तर पुस्तकी नाही. माझे एक मामा अंबाजोगाईच्या बाजूला हौशी नाटकांना ‘आवाज द्यायचे’. पाठीमागे पत्रा टांगून ढगांचा गडगडाट, दोन करवंट्यांनी घोडा, विहिरीच्या जुन्या कप्पीने बैलगाडी. आग हवी असेल तर मिठाईच्या डब्यावरचा चकचकीत कागद माइकजवळ चुरगाळायचा. जिल्ह्यातल्या काही मंडळींनी एकदा एका नभोवाणी केंद्रावर श्रुतिका केली, तेव्हा मामांना सोबत नेले. दुष्काळावरची श्रुतिका होती. शेवटी पाऊस येतो. प्रसारणाच्या रात्री सगळे गाव पारावर जमले. निवेदिकेने शेवटी नावे वाचली, अगदी दोन वाक्यांचा पोस्टमन झालेल्याचेसुद्धा. मामांचे आले नाही. ते काही बोलले नाहीत. मामी मात्र पुढे कित्येक वर्षे, कुणी रेडिओ लावला की, “यांचं नाव घेतील आता,” म्हणून टोमणा मारायची.

त्या रात्री पारावरच्या कुणीतरी टेपरेकॉर्डर रेडिओसमोर धरला होता. ती कॅसेट गेल्या वर्षी मला एका अडगळीत सापडली. फीत चिकटली होती, दोन ठिकाणी तुटली होती. मी ती जोडली, संगणकावर उतरवली आणि मामांकडे घेऊन गेलो. ते आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत, ऐकायला कमी येते. त्यांच्या कानाला हेडफोन लावला. संवाद चालू होते तोवर ते नुसते बसून होते. शेवटचा पाऊस सुरू झाल्यावर त्यांनी हात वर केला, मला थांबवले, पुन्हा लावायला सांगितले.

“मामा, पाऊस चांगला जमलाय,” मी मोठ्याने म्हणालो.

“पाऊस न्हाई रं त्यो. जवारी हाय, सुपातली. मालदांडी. बारीक दाणा घेतला आस्ता तर भुरभुर वाटली आस्ती.” मग थोडे थांबून म्हणाले, “त्या साली घरात तेवढीच हुती. परत आनली म्या, समदी.”